पिवळे ठिपके

"हा जळाल्याला हाय," कडुबा काका म्हणाले आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा त्यांनी पुन्हा नाकाशी नेला.

"काका, काल दुपारीच चालवून बघितलाय मी."

"चालंल की. जळाल्यालं बी चालतं थोडे दिवस."

त्याआधी त्यांनी मदरबोर्ड हुंगला होता, रॅमची पट्टी डोळ्याला जवळजवळ टेकवून पाहिली होती आणि कॅबिनेट हलवून आत काही खुळखुळतंय का ते ऐकलं होतं. टीव्ही सेंटर भागातल्या या गाळ्यात मी अकरा वर्षं कॉम्प्युटर जोडतेय. सुरुवातीला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचं, "इंजिनिअर कुठंयत?" त्यामुळे संशय मला नवा नाही. पण माल हुंगून घेणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. मनात म्हटलं, विशाखाबाई, हे काय खरबूज घ्यायला आलेत का.

काकांबरोबर केसरबाई आल्या होत्या. मुकुंदवाडीच्या त्यांच्या विहारात नवी अभ्यासिका निघाली होती. पोलीस भरती, तलाठी असल्या परीक्षांची तयारी करणारी वस्तीतली पोरंपोरी तिथं बसतात. त्यांना ऑनलाइन सराव परीक्षा देता याव्यात म्हणून एक साधा कॉम्प्युटर हवा होता. समितीच्या प्रमुख केसरबाई, आणि वस्तू तपासून घ्यायचं काम त्यांनी काकांवर सोपवलं होतं. काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं स्टोअरकीपर होते.

केसरबाईंनी मला आदल्या दिवशी फोन केला होता. "जरा सांभाळून घ्या ताई. चांगला शिकलेला माणूस, पण कारखाना सुटल्यापासून सहा वर्षांत कशावर सही केली नाही त्यांनी. बँकेतसुद्धा अंगठा देतात. लोकं हसतात. म्हटलं, पोरांच्या निमित्तानं तरी 'तपासून घेतलं' म्हणून सही करतील."

म्हणजे कॉम्प्युटर अभ्यासिकेचा आणि सही काकांची, असा दुहेरी व्यवहार होता. माझ्या डोक्याला मात्र एकेरीच ताप.

काकांचं तोंड बंद करावं म्हणून मी एसएमपीएस टेस्टरला लावला आणि भार दिला. बारा व्होल्टच्या जागी आकडा साडेदहावर येऊन थांबला. मी तो डबा बाजूला ठेवला आणि दुसरा काढला. काकांचं नाक खरं ठरलं होतं. त्यांनी फक्त दुसराही हुंगला, आणि त्याचा मला जास्त राग आला.

"आन ह्याच्यात विंडोज नाय टाकनार म्हनता," ते म्हणाले.

"नाही. चोरीची मी टाकत नाही, आणि नवी खरी विकत घेतली तर ती या जुन्या मशीनला पेलणार नाही. लिनक्स टाकते. हलकं आहे, मराठी छान लिहिता येतं, परीक्षेच्या वेबसाइटी चालतात. शिवाय फुकट."

फुकट शब्दानं घोळ झाला. इतर गिऱ्हाइकं फुकट म्हटलं की खूश होतात, फुकट ते पौष्टिक. काकांनी मात्र मान वळवून माझ्याकडे तिरकं पाहिलं. त्यांची बघायची रीतच तशी होती, समोरच्याकडे सरळ कधी बघायचेच नाहीत. मला ते लबाडाचं लक्षण वाटायचं.

"फुकट कामून?"

"जगभरातल्या हजारो लोकांनी मिळून लिहिलंय ते. कुणा एकाच्या मालकीचं नाही."

"म्हंजी बिघडलं तर जबाबदार कोनीच नाय."

"उलट सगळं उघडं असतं, काका. आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं, तपासता येतं."

"तुमी वाचलं?"

"सगळं कोण वाचणार? लाखो ओळी आहेत."

"मंग दुसऱ्यानं वाचलं म्हनून तुमी इश्वास ठिवला."

केसरबाई पदरात हसल्या. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं जुनं आय-फाइव्ह मशीन, आठ जीबी रॅम, नवी एसएसडी, एकोणीस इंची मॉनिटर असं ठरलं. इंटरनेट केसरबाईंच्या घरून यायचं होतं, दोन घरं सोडून. म्हणून आत वायफायचं कार्ड. प्रत्येक वस्तूवरचा नंबर काका मला मोठ्यानं वाचायला लावायचे, मग तोच यादीत लिहायला लावायचे, आणि लिहिलेला परत वाचायला लावायचे. तीनदा. पोलीस ठाण्यात जबाब देतेय असं वाटायला लागलं मला.

मशीन जोडून झालं तसं त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. पिवळा ऑइलपेंट, झाकणाला आतून ब्रश.

"तपासल्याल्या बोल्टावर आमच्या कारखान्यात आसा ठिपका देत्यात. कोनी बोल्ट फिरवला की ठिपका तुटतो," ते म्हणाले.

बाहेरच्या प्रत्येक स्क्रूवर त्यांनी हरभऱ्याच्या डाळीएवढा जाड ठिपका दिला. काही स्क्रूच्या डोक्यावर बसले, काही निम्मे पत्र्यावर. रंग वाळेपर्यंत दोन तास गाळ्यात बसून राहिले, चहाला नाही म्हणाले, आणि वाळल्यावर एकेका ठिपक्यावरून बोट फिरवून मगच उठले. लिनक्स टाकून रविवारी मशीन विहारात पोचवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी लिनक्स टाकलं. सगळं सुरळीत झालं, पण वायफाय दिसेना. त्या कार्डाच्या चिपला लिनक्स ओळखतच नव्हतं. असं होतं कधी कधी. साध्या मशीनमध्ये प्रोसेसर कुठलाही चालतो, घोडं पेंड खातं ते अशा दहा ग्रॅमच्या वस्तूपाशी. दोन तास खटपट केली आणि शेवटी ड्रॉवरमधून माझं एक चांगलं कार्ड काढलं. ते लिनक्सला लगेच कळतं. मशीन उघडलं, कार्ड बदललं, वायफाय आलं. तीन ठिपके तुटले.

फोन करायला हवा होता. मला तेव्हाही ते माहीत होतं. पण फोन केला की काका येणार, कार्ड हुंगणार, नंबर तीनदा वाचायला लावणार. आणि खरं सांगायचं तर एसएमपीएसची गोष्ट माझ्या मनातून गेली नव्हती. मी शेजारच्या स्टेशनरीतून पिवळा रंग आणला आणि तीन ठिपके देऊन टाकले. अगदी गोल, नीटस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी वंदना झाल्यावर विहारातल्या टेबलावर मशीन ठेवलं. पंधरा-वीस पोरंपोरी भोवती उभी होती. पुढे अपेक्षा नावाची मुलगी होती. तिची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि सरावाला म्हणून ती सकाळपासून येऊन बसली होती. केसरबाईंनी रजिस्टर उघडून त्यावर पेन ठेवलं. काका पांढऱ्या सदऱ्यात आले, सगळ्यांना जय भीम केला, आणि मशीनच्या मागे हात घातला.

एक ठिपका, दुसरा, तिसरा. बोट सावकाश चाललं होतं. चोराच्या मनात चांदणं, मी उगाच मॉनिटरची वायर सरळ करायला लागले. बोट एका ठिकाणी थांबलं, मागं गेलं, परत आलं.

"हे तीन ठिपके माझे नायत," काका म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता.

"वायफायचं कार्ड बदललं मी," मी म्हणाले. "ते आधीचं लिनक्सला चालत नव्हतं. हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे, माझ्या पदरचं घातलंय. मी काय चोरलं तुमचं?"

"चोरलं आसं कोन म्हनलं. ठिपके कामून लावले?"

वीस पोरं माझ्याकडे बघत होती. अपेक्षाही बघत होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. जुनी खोड आहे.

"सगळं जग खोटं आणि तुम्ही एकटे खरे," मी म्हणाले. यादीचा कागद उचलून त्यांच्या हातात कोंबला. "घ्या. एकेक नंबर वाचून जुळवा. आतलं सगळं उघडून देते. वाचा तुम्हीच."

काकांनी कागद घेतला. डोळ्याजवळ नेला. मग खिडकीच्या उजेडात धरला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे.

कागद उलटा होता.

पुढे उभ्या असलेल्या अपेक्षानं मान खाली घातली. केसरबाईंनी हलकेच तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. "भाऊ, बसा बरं जरा," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

काका खुर्चीवर बसले.

"सात वर्सं झाली," ते म्हणाले. "मधलं दिसत नाय. कडंकडंचं दिसतं. चालता येतं, चालीवरनं मान्सं वळखू येत्यात. अक्षर नाय दिसत."

"अहो, मग सांगायचं ना," केसरबाई म्हणाल्या.

"काय सांगायचं? स्टोअरकीपरला अक्षर दिसत नाय म्हनून?" त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत घातले. "शेवटच्या सालात बेअरिंगचे खोके आले. माझ्यासंग काकासाहेब म्हनून एक जोडीदार व्हता. धा वर्सं एका डब्यात जेवलो आमी. नंबर त्यानं वाचला, सही म्या केली. आत मालच दुसरा निघाला. लाइन दोन दिवस बंद. चौकशीत कागद काढला, तर सही माझी. माल म्याच बदलला म्हनले."

"त्यानं फसवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"मला आजून म्हाईत नाय. त्यानं मुद्दाम केलं, का चुकून वाचलं. त्याला इचारलं नाय. इचारलं आस्तं तर त्यो म्हनला आस्ता, तू का नाय वाचलं?" ते थांबले. "चौकशीत म्या गप बसलो. दिसत नाय म्हनलो नाय. रिटायरला सात महिने व्हते. चोर म्हनून घरी आलो, पर आंधळा म्हनून नाय."

मला माझ्या गोल, नीटस ठिपक्यांची शिसारी आली. तो माणूस बोटांनी वाचत होता, आणि जेवढं त्याला वाचता येत होतं, तेवढंच मी खोटं लिहून ठेवलं होतं. नाक, कान, बोटं, तीनदा वाचून घेणं, तिरकी नजर. लबाडाचं लक्षण म्हणे. लोकांनी मला नुसतं बघून ठरवलं होतं, आणि मीही तसंच लोकांना नुसतं बघून ठरवायला शिकले होते.

"काका, माझं चुकलं," मी म्हणाले. "कार्ड बदललं ते नाही. ठिपके लावले ते."

त्यांनी मशीनकडे बोट केलं.

मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळ्यांसमोर मशीन उघडलं. माझ्या पिशवीतलं जुनं कार्ड त्यांच्या डाव्या हातात दिलं, आतलं काढून उजव्या हातात. त्यांनी दोन्ही चाचपली, वजन पाहिलं, हुंगली. आता मला राग आला नाही. नव्या कार्डाचा नंबर मी मोठ्यानं वाचला, यादीतला जुना नंबर खोडून नवा लिहिला, पुढं कारण लिहिलं, खाली माझी सही केली. मग न सांगता परत वाचला. तिसऱ्यांदाही वाचला.

"अपेक्षाला वाचायला सांगू का?" मी विचारलं. "म्हणजे मी खोटं वाचलं का ते कळेल."

काकांनी क्षणभर विचार केला. "नको," ते म्हणाले.

कार्ड बसवलं, झाकण लावलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. झाकण उघडून ब्रश हातात धरला, मग तो माझ्यापुढं केला.

"तुमीच लावा. पर जाड लावा. मागच्यासारके नाजूक नको."

मी तीन ठिपके दिले. हरभऱ्याच्या डाळीएवढे, निम्मे पत्र्यावर. काकांना धीर निघाला नाही, ओल्या ठिपक्यांवरूनच त्यांनी बोट फिरवलं, आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर पिवळं झालं. मी पुन्हा ब्रश फिरवून ठिपके सारखे केले.

केसरबाईंनी रजिस्टर पुढं सरकवलं. काकांनी पेन उचललं आणि थांबले.

"काय लिव्हलंय वरती?"

"वस्तू तपासून घेतली," मी वाचलं.

"फिरून वाचा."

"वस्तू तपासून घेतली."

तिसऱ्यांदा ते म्हणतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले नाहीत. डावा हात पुढं केला, आणि मी त्यांचं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला टेकवलं. ते बोट जागेवर ठेवून त्यांनी उजव्या हातानं सही केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली तारीख. अक्षर सुरेख होतं. फक्त शेवटाकडं ओळ सोडून खाली उतरत गेलेलं.

अपेक्षानं मशीन सुरू केलं. पोरं पडद्याकडं वळली. काकांनी पेनाला टोपण लावलं, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि पिशवी खांद्याला अडकवली.

रजिस्टरच्या पानावर सहीच्या सुरुवातीला काकांच्या बोटाचा पिवळा डाग उमटला होता. केसरबाई पदरानं तो पुसायला गेल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. रंग ओला होता. पान मिटलं असतं तर चिकटलं असतं, म्हणून आम्ही रजिस्टर तसंच उघडं ठेवलं.