आतून सहा फूट

मी जाळी बोलतेय. परसातल्या घेवड्याभोवती उभी असलेली तारेची जाळी. माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे माझ्यातून पलीकडे बघतात. त्यामुळे माणसं माझ्यासमोर अगदी मोकळेपणाने वागतात, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही.

कारखान्यात तार ओढून, पिळून, वर जस्ताचा मुलामा देऊन मला विणलं. मग दुकानात चार महिने गुंडाळी होऊन उभी होते. गिऱ्हाइकं यायची, मला टिचकी मारायची आणि मोठ्या जाणकारासारखी मान हलवायची. टिचकी मारून जाळीचं काय कळतं, देव जाणे.

मला विकत घेतलं ते मोजणीसाहेबांनी. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. ते त्यांना शोभायचंही, कारण नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दुकानदाराला ते हरणांच्या उडीवर अर्धा तास व्याख्यान देत होते. पुस्तकात वाचलं होतं म्हणे. दुकानदार बिचारा हूं हूं करत माझं वजन करत होता.

खरी गरज साहेबांना नव्हती, त्यांच्या बायकोला होती. बाईंच्या आईने जाताना त्यांना डबीभर घेवड्याचं बी दिलं होतं, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं. तसं बी बाजारात मिळत नाही. माहेरचं घर विकलं गेलं होतं, भावंडं पांगली होती. आईचं म्हणून उरलं होतं ते एवढंच. बी जुनं होत चाललेलं, ठेवून द्यावं तर उगवायचं नाही, म्हणून बाईंनी भीत भीत थोडं पेरलं. वेल गुडघ्याएवढे झाले आणि मागच्या रानातली हरणं येऊन ते बुडापर्यंत खाऊन गेली.

हरणांचंही मला कौतुक नाही. मोठे डोळे करून बघितलं की माणसं विरघळतात. खाताना तेच डोळे मिटून घेतात, ते कुणी बघत नाही.

तर मला लावायला वेल्डर आला. घर बांधताना जमीन खणून सपाट केलेली, त्यामुळे परसाच्या मागे लगेच टेकाड सुरू होतं. साहेबांनी टेप काढला, परसात उभे राहिले आणि खांबावर बरोबर सहा फूट उंचीवर खडूने खूण केली. वेल्डर टेकाडावर चढून खाली बघत म्हणाला, "साहेब, इथून जाळी साडेतीनच फूट भरते. हरीण इकडूनच येणार ना?"

"पस्तीस वर्षं मोजणी केलीय मी," साहेब म्हणाले. "तू वेल्डिंग कर."

बाई दारातूनच म्हणाल्या की एकदा वर जाऊन बघा तरी. पण टेकाड चढायचं म्हणजे वेल्डरचं बरोबर होतं असं कबूल करणं, आणि साहेबांचे गुडघे त्याला तयार नव्हते. मी उभी राहिले. आतून सहा फूट, बाहेरून साडेतीन. साहेब गल्लीतल्या एकेकाला बोलावून मला दाखवत होते, अर्थात आतून.

बाईंनी पुन्हा थोडं बी पेरलं. तीन आठवड्यांनी पहाटे दोन हरणं टेकाडावरून आली आणि माझ्यावरून अशी गेली की मला त्यांचा वारासुद्धा लागला नाही. सकाळी बाई खाल्लेल्या वेलांची बुडखं उपटत होत्या. साहेब मात्र मला टेप लावून बघत होते. सहा फूट भरल्यावर ते म्हणाले की हरणंच नेहमीची नसणार.

मग बाईंनी पक्कड घेतली. टेकाडाकडच्या माझ्या सगळ्या गाठी एकटीने सोडल्या, मला कापलं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून दोन हात रुंदीचा एक वाफा माझ्याने वेढून टाकला. उंची छातीएवढी. एका टोकाला फाटक, त्याला कडी. साहेब हसले. म्हणाले, "एवढंसं तर हरणाचं पाडसही ओलांडेल."

"उतरायला ऐसपैस जागा दिसली नाही की ते उडी मारत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुस्तकं बघितलीत. मी रोज खिडकीतून हरणं बघतेय."

डबीत सात बिया राहिल्या होत्या. सगळ्या पेरल्या. चार उगवल्या. हरणं आली, माझ्याभोवती फिरली, नाक लावून बघितलं आणि साहेबांचा गुलाब खाऊन निघून गेली. वेल माझ्या अंगावर चढले. तेरा शेंगा लागल्या. बाईंनी बजावून सांगितलं होतं की शेंगांना हात लावायचा नाही, वेलावरच वाळू द्यायच्या, बी धरायचंय. साहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता बरं म्हटलं.

एका रविवारी साहेबांचे जुने वरिष्ठ आले. बाई बाजारात गेल्या होत्या. साहेबांनी पाहुण्यांना माझ्यापाशी आणलं आणि ही युक्ती आपलीच कशी, ते रंगवून सांगितलं. पाहुणे म्हणाले, शेंगा कोवळ्या दिसताहेत. एवढंच. साहेबांनी कडी काढली आणि बारा शेंगा तोडून पिशवीत घातल्या. तेरावी करंगळीएवढी होती, तिची त्यांना लाज वाटली असावी. हरणाला अडवणं मला जमतं. कडी काढून येणाऱ्यापुढे मी काय करणार? जन्मात पहिल्यांदा मला हात असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

बाई आल्या. वेल बघितला. साहेब म्हणत होते की मोठा माणूस दारात आला, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत बाई थांबल्या.

"हरणांना निदान भूक तरी होती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

साहेबांनी फाटकाची कडी लावली. पस्तीस वर्षांत त्यांना कुणी इतकं अचूक मोजलं नसेल.

आता माझ्या कापलेल्या टोकांना गंज धरू लागलाय. ती एक शेंग अजून आहे, वाळत आलीय, आत तीन-चार बिया असाव्यात. बाईंनी फाटकाला कुलूप लावलंय आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात बांधलीय. साहेब रोज सकाळी माझ्याबाहेर खुर्ची टाकून बसतात. राखण करतोय, म्हणतात. बाई त्यांना चहा आणून देतात, किल्ली मात्र देत नाहीत. मला विचाराल तर माझा अजून त्यांच्यावर विश्वास नाही. तुम्ही कधी या घरी आलात, तर कृपा करून वेलाचं कौतुक करू नका. बसा, चहा घ्या आणि आपल्या घरी जा.