भाईदासची बातमी

"मोठ्यानं वाच, दगा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दगानं आवाज चढवला.

गुजरातेतल्या बमरोलीच्या त्या गल्लीत खानदेशातून आलेले यंत्रमाग कामगार राहत. गुजराती अक्षर लागायचं ते एकट्या दगाला, म्हणून चहाच्या टपरीवर पेपर तोच वाचून दाखवी. ब्याण्णवच्या डिसेंबरात दंगलीमुळे माग बंद पडले आणि ऐकणाऱ्यांची गर्दी वाढली. पेपरात जळक्या दुकानांचे, रक्ताचे फोटो असत. अक्षरं दिवसेंदिवस मोठी होत होती, तसा दगाचा आवाजही.

त्या सकाळी जवळच्याच कडोदरा गावची बातमी होती. रस्त्यात गाठून मारलेल्या माणसाचा फोटो आणि खाली नाव. नाव वाचून झालं तेव्हा कुठे दगाला कळलं, हा तर आपल्याच गल्लीतला भाईदास. कामाला गेलेला, दंगलीत तिकडेच अडकलेला.

कुणी ओरडलं नाही. त्यानंच दगा घाबरला. एकानं मागाचा लोखंडी दांडा उचलला, दुसऱ्यानं रॉकेलचा डबा, आणि सगळे गल्लीच्या टोकाला निघाले. तिथं जुबेदा राहत होती. गाद्या-रजया शिवणारी विधवा. गल्लीतलं मुसलमानाचं तेवढं एकच घर. दगा मागोमाग धावला. "थांबा" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण मघाचा तो आवाज आता निघेना.

भाईदासची बायको सुंदरा टपरीजवळच्या नळावर होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भरती कळशी तशीच सोडून ती गर्दीच्या पुढे गेली आणि जुबेदाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"वहिनी, बाजूले सरक," दांडेवाला म्हणाला. "भाईदासना बदला लेवाना शे."

सुंदरानं दगाकडे पाहिलं. "जेनी मारं, तेनं नाव छापेल शे का?"

दगानं पेपर पुन्हा चाळला. "नही, वहिनी."

"मंग हिना दारमा कसाले उनात?" तिचा आवाज जराही चढला नाही. "मना माणूस गया. माले रडू द्या."

आणि ती रडू लागली. आतून कडी निघाली. एवढ्या जमावासमोर जुबेदा बाहेर आली, खाली बसली आणि तिनं सुंदराचं डोकं मांडीवर घेतलं. रडणाऱ्या बाईपुढे हातातल्या दांड्याचं काय करायचं, हे कुणालाच सुचेना. डबेवाल्यानं डबा पाठीमागे धरला. एकेक जण मागे सरकत गेला.  एवढंसं बोलणं, आणि एवढी माणसं परतली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शहरातली आणखी जळकी घरं होती.

"आपली गल्लीनं काय शे?" टपरीवाल्यानं विचारलं.

दगानं सगळी पानं पाहिली. "काहीच नही."

तो उठून सुंदराच्या घराकडे गेला. सुतकाच्या घरात चूल पेटली नव्हती. जुबेदा पिठलं-भाकरी घेऊन आली होती आणि दारात बसून सुंदराला घास भरवत होती. सुंदरा मान खाली घालून सावकाश चावत होती.

दगानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिथंच उभा राहिला.