चिमीची लाल बंडी

तळहातापेक्षा लहान लाल मखमल. कोरडी पडलेली आंघोळीची वाटी. दुधाच्या दाताएवढं बटण. चिमूटभर मैदा. पिंजऱ्याच्या तळाशी हिरवी पिसं.

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. कुणा बाळाची नव्हे, चिमी नावाच्या हिरव्या पाखराची.

शिंपीकाकांच्या दुकानात मशीनशेजारी तिचा पिंजरा होता. तिची पिसं झडू लागली आणि काकांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. काकू म्हणाल्या, दरसाल झडतात, नवी येतील. उकडलेलं अंडं द्या, आंघोळीला पाण्याची वाटी ठेवा आणि तिला हात लावू नका. पण उघडं अंग दिसलं की शिंप्याचा हात कापडाकडेच जाणार.

काकांनी मला अस्तर लावलं, काज केलं, चिमीच्या अंगावर चढवलं. मी भिजू नये म्हणून वाटी काढून घेतली. आमचे कपडे रखडतात, पाखराचे मात्र वेळेवर, असं म्हणत गिऱ्हाइकं हसायची. मी फुशारून जायचे.

मग मला आतून टोचू लागलं. नवी पिसं काट्यांसारखी वर येत होती. त्या प्रत्येक काट्यात जिवंत रक्त असतं. चिमी श्वास घेई आणि मी तिला आवळत असे. ती चोचीने माझं बटण ओढायची. नीघ, मी स्वतःला म्हणायचे, नीघ. पण बंडीला हात नसतात.

ती दाणे टाकून कोपऱ्यात बसली. काकांना वाटलं, थंडी वाजतेय. त्यांनी बटण सरकवून मला आणखी घट्ट केलं.

एक काटा मोडला. रक्त माझ्यात जिरत राहिलं. लाल कापडावर ते कुणाला दिसणार?

काकूंनी चिमीला उचललं तेव्हा त्यांची बोटं ओली झाली. बटण पिसांत अडकलं होतं. काका सुई घेऊन माझी शिवण उसवू लागले, कापडाला धक्का न लावता, जन्माच्या सवयीने.

"अहो, उसवताय काय? कापा."

"तिला लागलं तर?"

"कापा म्हणते ना."

मीही तेच ओरडत होते. कात्री माझ्यामधून गेली. काकूंनी जखमेवर मैदा दाबून धरला. रक्त थांबेना. धरूनच ठेवला. थांबलं.

चिमी जगली. डावा पंख मात्र पुरता उघडत नाही. मी चिंध्यांच्या पिशवीत आहे, दोन तुकडे.

मित्रांनो, पिसं झडणाऱ्या पाखराला पाणी द्या, चांगलं खायला द्या, निवांत बसू द्या. तुमची माया त्याच्या अंगावर चढवू नका.

काकांनी माझं माप घेतलं त्या सकाळी चिमी पोटभर दाणे खाऊन शीळ घालत होती.