हरिताच्या पाठीवरचे पिवळे डाग

रुग्ण: हरिता, माझी बहीण विनुता हिची मुलगी. वय अडीच वर्षे. राहणार तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली.

तक्रार: पाठीवर नऊ पिवळसर, किंचित उंच डाग. आंघोळीनंतर लाल होऊन फुगतात.

कधीपासून: आठ महिन्यांची असल्यापासून.

तेव्हा कोणा डॉक्टरने पाहिले होते का: हो.

कोणी:

या ओळीपाशी मी तीन दिवस अडकलो आहे. पुढच्या महिन्यात चेन्नईच्या परिषदेत हा रुग्ण मांडायचा आहे. दुर्मिळ आहे, म्हणून सगळे खूश आहेत.

पूर्वइतिहास, पहिला खर्डा: "मुलीला कोणी इजा करत असावे, असा कुटुंबाला संशय होता."

खोटे. कुटुंबाला कसलाच संशय नव्हता.

पूर्वइतिहास, दुसरा खर्डा: १९९६, शुक्रवार. विनुताचा फोन आला म्हणून गेलो. शेषम्मा आत्याने नुकतेच बाळाला तेल लावून न्हाऊ घातले होते. गल्लीतल्या आमच्या मराठी घरांतली तीस वर्षांतली सगळी बाळे तिच्या पसरलेल्या पायांवर न्हाली आहेत. मीसुद्धा. मी खुर्चीवर कापी, म्हणजे आमची इकडची कॉफी, पीत होतो. विनुताने बाळाची पाठ माझ्याकडे वळवली. मी म्हणालो, "पिवळे आहेत ते जुने वळ, लाल आहेत ते आजचे. कोणीतरी बोटं रुतवतंय."

पेला खाली ठेवला नाही. डागाला हात लावला नाही.

आत्या ओल्या लुगड्याने दारात उभी होती. तिने दोन्ही हात पुढे केले. "नखं बघ रे वरुण. आहेत का?"

मी बघितली नाहीत.

पुढच्या शुक्रवारी तिला बोलावले नाही. महिन्याभरात कुठल्याच घराने बोलावले नाही. त्वचेच्या डॉक्टरने सांगितले होते ना.

तपासणी: गेल्या महिन्यात डर्मोस्कोप आला. हातात मावणारे भिंग, आत दिवा. पूर्वी अशा परदेशी वस्तूसाठी परवान्याची वाट बघत बसावे लागे. आता चेन्नईच्या दुकानदाराने दीड महिन्यात मागवून दिला. सोबतच्या पुस्तकात फक्त तिळांची चित्रे होती. हात बसावा म्हणून घरातल्यांचे तीळ बघत सुटलो. हरिता मांडीवर येऊन बसली, "मलापण." फ्रॉक वर केला तर नऊ डाग, तिथेच. विनुता ते रोज बघत होती, पण मी वळ म्हटले होते म्हणून तिने पुन्हा विचारले नव्हते. वळ दोन वर्षे राहत नाही. हे कळायला भिंग लागत नाही.

भिंगातून: सगळीकडे एकसारखा नारिंगी पिवळा रंग, कडेला तपकिरी बारीक जाळी. मार लागून साकळलेले रक्त असे दिसत नाही. पेनाच्या बोथट टोकाने एक डाग चोळला. दोन मिनिटांत तो लाल होऊन फुगला. हरिता रडली.

निदान: मास्टोसायटोसिस, त्यातही क्वचित दिसणारा पिवळा प्रकार. त्वचेत एका जातीच्या पेशी दाटतात. चोळले, गरम पाणी लागले की भडकतात. तुकडा काढून तपासला, तेच निघाले. वयाबरोबर बहुतेक मुलांत कमी होते.

उपचार: काल आत्याकडे गेलो. ती तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, तांदूळ निवडत होती. सगळे सांगितले. पेल्यासकट.

"म्हणजे मी चोळत होते, तेव्हा तिला त्रास होत होता," ती म्हणाली.

"तुला कसं कळणार, आत्या."

"तुला तरी कुठं कळलं." सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "आता कोण न्हाऊ घालतं?"

"विनुता. कोमट पाण्यानं, न चोळता."

"तिला धड डोकं पुसता येत नाही लेकीचं."

मी माफी मागितली.

"मी चिमटे काढले नाहीत हे मला ठाऊकच होतं. मला काय सांगतोस? त्यांना सांग." तिने पायात चपला घातल्या. "चल."

"आत्ता?"

"मग, पत्रिका छापणार आहेस?"

पहिले घर राजमकाकूंचे. काकू बाहेर आल्या, आत्याकडे बघून थबकल्या. मी सुरुवात केली, "काकू, हा फार दुर्मिळ आजार आहे, कोणाच्याही लक्षात आला नसता..."

"असं नको," आत्या मागून म्हणाली. "मघाशी सांगितलंस तसं."

मी पुन्हा सांगितले. मी नीट बघितले नाही. मी आत्यावर आळ घेतला. तो खोटा होता.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "तू डाक्टर, म्हणून आम्ही..." त्या आत्याला आत बोलवू लागल्या, कापी घेऊन जा म्हणाल्या.

"नंतर," आत्या म्हणाली. "अजून अकरा घरं आहेत."

ती पायऱ्या उतरली. कागदावरची 'कोणी' पुढची रिकामी ओळ मी रात्री भरणार होतो. इथे रात्रीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. वेंकटरावांच्या दाराची कडी तिने वाजवली आणि बाजूला सरून मला पुढे उभे केले.