पाच बोटांवरचं औषध

सत्यशीलेचा जीव थाऱ्यावर नव्हता. देवळाली प्रवऱ्याच्या त्या लहानशा दवाखान्यात सहा वर्षांची मनकर्णा खाटेवर पडली होती, सकाळपासून सात उलट्या झालेल्या. नवरा वाल्मिक दाराशी टोपी चुरगाळत उभा होता आणि सिस्टर सुई भरायच्या तयारीत होती.

गेल्या वर्षी ऊसतोडीला गेले असताना अशाच उलट्यांवर कुणी इंजेक्शन दिलं आणि तासाभरात पोरीची मान वाकडी झाली, डोळे वर गेले, दातखीळ बसली. टोळीतली माणसं म्हणाली, बाहेरचं आहे. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, हे त्या औषधाचंच काम. पुन्हा कधी देऊ द्यायचं नाही, असं बजावून त्यांनी नाव लिहून दिलं. बाटलीवरचं मोठं नाव कंपनीगणिक बदलतं, पण औषधाचं खरं नाव खाली बारीक अक्षरांत असतंच, हेही सांगितलं. वर सत्यशीलेचं एकेक बोट धरून नावाचा एकेक तुकडा म्हणून घेतला : मे, टो, क्लो, प्रा, माइड. चिठ्ठी पालातल्या उंदरांनी खाल्ली, बोटं राहिली. मोळ्या बांधताना ती वर्षभर पुटपुटत असे. बायका हसायच्या, हिला कुठल्या बुवानं मंत्र दिला म्हणून.

"सिस्टर, हिला मेटोक्लोप्रामाइड चालत न्हाई," ती एका दमात म्हणाली.

"ते नाहीये हे, ताई. हे वेगळं आहे." सिस्टरने भलतंच, चार अक्षरी नाव सांगितलं.

सत्यशीला गडबडली.

"गप की," वाल्मिक म्हणाला. "त्यास्नी कळतंय."

आता मात्र तिला राग आला. वर्षभर घोकलेलं काय चुलीत घालायचं?

"बाटलीवर खाली बारीक काय लिवलंय, तेवढं वाचा. मंग टोचा."

सिस्टरने कपाळाला आठ्या घालत कुपी खिडकीच्या उजेडात धरली. "मे... टो..." आणि तिथेच ती अडखळली.

"क्लो," सत्यशीलेने मधलं बोट दुमडलं. "प्रा. माइड."

सिस्टरचा चेहरा उतरला. तिने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

दुसऱ्या औषधाने दुपारपर्यंत उलट्या थांबल्या. सगळं निभावलं, तेव्हा कुठे सत्यशीला खाटेच्या कडेला टेकली. आज ती इथे होती. उद्या ती फडात असेल आणि पोरीला भलतंच कुणी दवाखान्यात नेलं, तर?

मनकर्णाच्या एका हाताला सलाईन होतं. सत्यशीलेने दुसरा हात मांडीवर घेतला आणि त्याचा अंगठा चिमटीत धरला.

"म्हन, मे."