चिल्ल्यातली बंद खिडकी

चिल्ला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक चाळीस दिवस, चालू होता, ताश्कंद तव्यासारखं तापलं होतं, आणि रुस्तमोव्ह दोमलांच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या, खोलीची खिडकी नेहमीसारखी घट्ट बंद होती. भिंतीवरचा एसी शोभेपुरता. गार वारा मानेला लागला की माणूस आखडतो, यावर प्रयोगशाळेच्या या प्रमुखांचा जितका विश्वास होता, तितका विज्ञानावरही नसावा. त्यांची सहायक झुल्हुमोर पेशी वाढवलेल्या काचेच्या बशा घेऊन उभी होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि दोमला निवांत चहा ओतत होते. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उन्हाळाभर आपण शुद्ध गाढवपणा करत होतो.

उष्णतेपासून वाचवणारं औषध दोमलांचं. डोंगरातल्या कुठल्याशा झुडपाचा अर्क, त्यांच्याच कपाटात कुलपात. बशांत थेंबही तेच घालणार, आधी हात उचलून दुवा मागणार, मग चहा. कामाची सुरुवात मोठ्यांच्या हातून व्हावी, असा इथला रिवाज. म्हणजे औषधाच्या बशा तासभर या भट्टीत राहत आणि बिनऔषधाच्या खाली उबवणपेटीत, सुखात. दुसऱ्या दिवशी दोन्हींना सारखीच कडक उष्णता दिली की औषधाच्या पेशी जगत, बाकीच्या मरत.

जगणारच की! पेशीला आधी बेताची उष्णता लागली की तिच्या आत निरोप जातो, प्रथिनं वाकडी होताहेत, सावरायला या. मग सावरणारी प्रथिनं तयार होतात आणि पुढचा तडाखा झेलतात. जिला ही आगाऊ सूचना मिळाली नाही, तिच्यात तडाख्यानंतर दुसराच निरोप फिरतो, आणि ती स्वतःच स्वतःला मोडून संपवते. हे शिकवताना झुल्हुमोर घसा कोरडा करायची. आणि तिलाच दिसलं नाही.

त्या दिवशी तिने गुपचूप साध्या पाण्याचे थेंब घालून काही बशा दोमलांच्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना तडाखा दिला. पाण्याच्या पेशीही धडधाकट.

"दोमला, पाण्यानेही जगल्या. तुमच्या खोलीने जगवल्या, थेंबांनी नाही."

"पाणी काय वाईट असतं, पोरी?" दोमला हसले.

"चेष्टा नको. तंदुरात नान भाजणाऱ्या त्या नानबाईंना थेंब वाटणं आजच्या आज थांबवा. त्यांना वाटतंय, आता तंदूर आपलं काही बिघडवत नाही."

"उद्या मंत्रालयाचे पाहुणे यायचेत. ते जाऊ देत, मग बघू तुझी खोली आणि तुझी खिडकी. तोवर तोंड बंद."

"माझा भाऊ आहे त्यांच्यात."

"मग त्याच्यासाठी दुवा कर. आणि जाताना दार लाव, वारा येतोय."

तिने दार सताड उघडं टाकलं आणि निघाली. रस्ताभर ती दोमलांना आणि स्वतःला शिव्या घालत होती. एल्योर, तिचा धाकटा भाऊ, गेल्या चिल्ल्यात तंदूरपाशी कोसळला होता. डॉक्टरांनी यापुढे उन्हाळाभर तंदूर बंद म्हणून बजावलं होतं. त्या जिवंत पेशी त्याला कौतुकाने कुणी दाखवल्या? हिनेच. आठवड्याभरापूर्वी तो थेंब घेऊन पुन्हा कामाला लागला होता.

ती पोचली तेव्हा एल्योर कमरेपर्यंत तंदुरात वाकून आतल्या भिंतीला नान चिकटवत होता. तो वर आला. चेहरा लालबुंद, डोळे तारवटलेले.

"ओपा, वेळेवर आलीस. गरम नान खा."

"बाजूला हो. ते थेंब म्हणजे पाणी आहे."

"झालं तुझं सुरू! दोमलांनी डोक्यावर हात ठेवलाय माझ्या. तू काय दोमलांपेक्षा शहाणी?" त्याची जीभ जड झाली होती. "हे बघ, हात लावून बघ. घामसुद्धा येत नाही आता. आहे की नाही कमाल?"

तिने हात लावला. कातडी कोरडी होती आणि चटका बसावा इतकी तापलेली. घाम थांबला, म्हणजे शरीराने स्वतःला थंड करणंच सोडलं होतं.

"एल्योर, खाली बस."

"आणखी एक घाणा उतरवतो, मग बसतो." तो पुन्हा वाकायला लागला.

शेजारी पाण्याने भरलेली बादली होती. झुल्हुमोरने ती उचलली आणि सगळी तंदुरात ओतली. वाफेचा लोट उठला, कडकन आवाज झाला आणि भट्टीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. भिंतीचे नान राखेच्या चिखलात पडले. बाकीचे नानबाई तोबा तोबा करत मागे सरले. नानचा तुकडा जमिनीवर दिसला तरी उचलून कपाळाला लावणारी माणसं ती.

"वडिलांचा तंदूर होता," एल्योर पुटपुटला आणि खाली कोसळला.

"माती होती ती! पुन्हा आणता येते माती," ती ओरडली. "अरे बघता काय, उचला त्याला."

त्यांनी त्याला नळाखाली धरलं, मग ओल्या चादरीत गुंडाळून सावलीत पंख्यासमोर निजवलं. ॲम्ब्युलन्स यायची होती. झुल्हुमोर त्याचं कपाळ पुन्हा पुन्हा कोरडं करून बघत होती आणि दोमलांच्या नावाने बोटं मोडत होती. बऱ्याच वेळाने पुसलेलं कपाळ आपोआप ओलं झालं. तिने परत पुसलं, ते परत ओलं झालं. घाम होता तो. मग ती तिथे ओल्या जमिनीवरच बसली आणि शिव्या देत देत रडली.