एक हजार आठशे सत्तेचाळीस बाकं

आकडा हा राज्यकारभाराचा कणा आहे आणि आकडा कधी खोटं बोलत नाही, असं दिलीप निवाते गेली चौतीस वर्षं सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून सांगत आले होते. त्या सोमवारी बारा वाजून दहा मिनिटांनी मंत्रीमहोदयांनी विधानसभेत निवात्यांचा एक आकडा खणखणीत आवाजात वाचला. नेरूळमध्ये नागरिकांना बसायला एक हजार आठशे सत्तेचाळीस सार्वजनिक बाकं आहेत! बारा वाजून अकरा मिनिटांनी निवात्यांच्या लक्षात आलं, की हा बाकांचा आकडा नाही. पत्राचा जावक क्रमांक आहे.

घडलं होतं ते अगदी साधं. आमदार शिवतेज वाघचौरे यांचा तारांकित प्रश्न आला होता : नेरूळमध्ये बसायला बाकं नाहीत, हे खरे आहे काय, आणि असल्यास एकूण किती आहेत? निवात्यांनी उत्तराचा मसुदा केला. ‘हे खरे नाही’ हे पहिलं वाक्य त्यांनी प्रश्न वाचायच्या आधीच लिहिलं होतं. आकडा साइटवरून यायचा होता, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली. मग कागद गेला जावक टेबलावर, अरुणाबाईंकडे. पत्रात कोरी जागा दिसली की तिथे जावक क्रमांक टाकायचा, ही अरुणाबाईंची एकवीस वर्षांची सवय. त्यांनी टाकला.

साइटवरचा खरा आकडा दुपारी आला. बासष्ट. त्यातली नऊ मोडकी.

“सर, शुद्धिपत्रक काढू या,” निवाते आपल्या साहेबांच्या केबिनमध्ये म्हणाले.

साहेबांचं नाव अभिराम. वयानं निवात्यांच्या मुलाएवढे, पण खुर्चीनं आजोबा. “निवातेसाहेब, शुद्धिपत्रक काढलं तर चूक झाली होती असं होईल.”

“झालीच आहे ना, सर.”

“झाली आहे. पण होता कामा नये.” साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “वाघचौऱ्यांनी यादी मागितलीय. एकूणएक बाक, जागेसकट. मंत्री बोलून बसलेत, गुरुवारी पटलावर ठेवतो. नाही ठेवली तर हक्कभंग येणार. हक्कभंग आला तर कोणाला तरी सस्पेंड करावं लागणार. मी कोणाचं नाव घेत नाही, पण मसुद्यावर सही तुमची आहे.”

येत्या एकतीस तारखेला निवाते रिटायर होत होते. नोकरीत त्यांनी सेहेचाळीस जणांच्या निरोप समारंभांत भाषणं केली होती, सेहेचाळीस जणांना ‘अजातशत्रू’ म्हटलं होतं. आता त्यांची पाळी होती. शाल कुठल्या रंगाची हवी, हेही त्यांनी अरुणाबाईंच्या कानावर सहज म्हणून घातलं होतं. आणि निलंबित माणसाला अजातशत्रू म्हणायचा प्रघात शासनात नाही.

“टेन्शन नका घेऊ हो, सर,” निवात्यांनी जागेवर परतून सगळं सांगताच शेजारच्या टेबलावरची स्नेहल घरत म्हणाली. ती मूळची नेरूळच्याच खाडीकाठच्या गावची, दोन पोरांची आई, आणि कुठल्याही साहेबाला न घाबरणारी. “बाकं वाढवता येत नाहीत ना? मग बाक म्हणजे काय, ते वाढवा.”

चौतीस वर्षांत असं शुद्ध प्रशासकीय वाक्य निवात्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि एका दमात लिहिलं : ‘बाक म्हणजे असा कोणताही स्थिर पृष्ठभाग, ज्यावर नागरिक स्वेच्छेने किमान पाच मिनिटे टेकतो.’

मंगळवारी सकाळी दोघं टोप्या घालून नेरूळला मोजणीला उतरले. पहिल्याच तासात निवात्यांना साक्षात्कार झाला, की हे शहर चालत नाही, बसतं. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. बागेच्या कठड्यावर, गटाराच्या झाकणांवर, झाडांच्या आळ्यांवर बसली होती. एका कॉलेजच्या पायऱ्यांवर इतकी मुलं होती, की वर्गात कोण असेल असा प्रश्न पडावा.

“पायरी एक धरायची की विद्यार्थी?” स्नेहलनं विचारलं.

“पायरी. विद्यार्थी अस्थिर असतो.”

चारशे दहा पायऱ्या झाल्या. उभ्या रिक्षांवरून थोडा वाद झाला. निवाते म्हणाले, रिक्षा हलते. तेवढ्यात एका बाईंनी रिक्षावाल्याला सीवूड्सला येतोस का विचारलं, तो नाही म्हणाला. दुसऱ्यानंही नाही म्हटलं, तिसऱ्यानं तर मानही वर केली नाही. निवात्यांनी एकवीस रिक्षा स्थिर पृष्ठभागात घेतल्या.

बुधवारी ते खाडीवर पोचले. तिथे स्नेहलचे पंढरीकाका उपड्या होडीवर बसून जाळं विणत होते.

“काका, उठू नका! मोजतोय,” स्नेहल ओरडली.

“मना मोजतंस?”

“तुम्हाला नाय, बाकाला.”

“बाक कुठं हाय? ही होरी हाय माजी.”

निवाते पुढे झाले. “काका, यावर किती जण बसतात?”

“चार. पाचवा बसला का कलंडते.”

“चार लिही, स्नेहल. चार आसनी.”

“आन् ही दर्यान नेली का?” काकांनी विचारलं.

“मग फिरतं बाक,” निवाते गंभीरपणे म्हणाले.

काकांनी पुतणीकडे बघितलं. “सायेब उनानं असा झालाय का पयल्यापासून?”

“सरकारी हायेत, काका.”

दुपारी तीन वाजता बेरीज झाली. एक हजार आठशे सेहेचाळीस! एक कमी. दोघांनी पुन्हा बेरीज केली, उलटीकडून केली, तरी एक कमीच. निवात्यांच्या डोळ्यांपुढे शाल आली आणि गेली. ते रस्त्याच्या कडेच्या एका दगडावर मटकन बसले.

स्नेहल घड्याळ बघू लागली.

“काय बघतेस?”

“हलू नका. पाच मिनिटं होऊ द्या.”

गुरुवारी अख्खं ऑफिस अरुणाबाईंच्या फोनभोवती गोळा झालं. मंत्रीमहोदयांनी त्रेचाळीस पानांची यादी पटलावर ठेवली आणि बाकाची व्याख्या वाचली. सभागृहात मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. ती यादीत नव्हती.

वाघचौरे उठले. डोळे पुसत होते. “अध्यक्ष महोदय, यादी पाहून मी भरून पावलो. हक्कभंग आणत नाही. फक्त एवढंच सांगावं, की यातल्या किती बाकांना पाठ आहे?”

मंत्रीमहोदयांना टाळ्या चढल्या होत्या. “सन्माननीय सदस्यांनी आजच संध्याकाळी पाच वाजता नेरूळच्या तलावावर यावं! आपण दोघं एकाच बाकावर, पाठ टेकून बसू. पत्रकारांनाही निमंत्रण आहे!”

ऑफिसात जल्लोष झाला. अरुणाबाईंनी निवात्यांचे हात धरून त्यांना गोल फिरवलं. स्नेहलनं शिट्टी मारली. अभिरामसाहेब केबिनमधून हसत बाहेर आले आणि एका पावलात त्यांचं हसू मावळलं.

“तलावावर पाठ असलेलं बाक आहे ना?”

निवात्यांनी त्रेचाळीस पानं चाळली. तलावावर एकोणनव्वद बाकं होती : कठडे, झाकणं, दोन मुळं. पाठ एकालाही नव्हती.

“नवीन बाक किती दिवसांत येतं?”

“मागणीपत्रापासून सात महिने, सर. लवकर झालं तर.”

“आत्ता वाजलेत दोन,” साहेब म्हणाले. “आणि एकतीसला शाल की नोटीस, ते पाच वाजता ठरणार. बघा बुवा.”

निवाते घाम पुसत कॉरिडॉरमध्ये आले आणि जागच्या जागी थांबले. भिंतीला लागून एक बाक होतं. जुनं, सागवानी, दोन माणसं आरामात मावतील असं, आणि त्याला पाठ होती. त्यावर सुंदराबाई नावाच्या सत्तरीच्या बाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कसल्याशा दाखल्यासाठी सकाळी दहापासून.

निवात्यांनी घसा साफ केला, दोन्ही हात जोडले आणि आयुष्यात कुठल्याही मंत्र्याशी बोलले नव्हते इतक्या अदबीनं म्हणाले,

“आजी, जरा उठता का?”